बॅटलफील्ड १ चे डीएलसी (मूळ गेमला जोडायचे विकतचे पॅक) आता घेण्यात अर्थ आहे का?

गंगापूररोडकर:

बॅटलफील्ड १ (पहिल्या महायुद्धावरचा नेमबाजीचा गेम) चा मूळ गेम ईए अॅपवर आहे, फुकट वाटला होता तेव्हाचा. वॉर स्टोरीज (एकट्याने खेळायचा भाग) झाल्या, मल्टिप्लेअरचे मूळ नकाशे तोंडपाठ झाले. आता स्टीमवर सेल लागला की रिव्होल्यूशन एडिशन (मूळ गेम आणि चारही डीएलसी एकत्र) काही शे रुपयांत दिसते. पण गेम ऑक्टोबर २०१६ चा. पैसे कमी असले तरी रिकाम्या सर्व्हरवर एकट्याने फिरायला कोण घेणार?

मशीन: आय५-७४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ६ जीबी. नेट १०० एमबीपीएस फायबर. वेळ रात्री ९ ते १२.

चारपैकी कोणता डीएलसी खरंच कामाचा? नाशिकहून पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) झेपेल का? आणि धाकट्याकडे पीएस४ वर सेकंडहँड डिस्क आहे, त्याला हेच चालेल का?

तोफखाना_देवळाली:

आधी एक स्पष्ट करतो, कारण निम्मे लोक इथेच फसतात. चारही डीएलसी निव्वळ मल्टिप्लेअर आहेत. एकट्याने खेळायची एकही नवी वॉर स्टोरी त्यात नाही. नकाशे, बंदुका, गाड्या आणि एकदोन नवे मोड, बस्स.

त्यातला पैसे वसूल करणारा म्हणजे 'दे शॅल नॉट पास', मार्च २०१७ चा. फ्रेंच सैन्य याच्यासोबत आलं (फ्रेंचांशिवाय पहिलं महायुद्ध विकायची हिंमत कशी झाली, हा वेगळा विषय). व्हर्दन हाइट्स, फोर्ट द व्हो, सोआसाँ आणि रप्चर हे चार नकाशे, नंतर निव्हेल नाइट्स आणि प्रीझ द ताऊर हे दोन रात्रीचे भर घातलेले.

फोर्ट द व्होबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो एक तर डोक्यावर घ्याल नाहीतर शिव्या घालाल. जवळजवळ सगळी लढाई किल्ल्याच्या बोळांत. स्कोपवाली रायफल इथे ओझं. शॉटगन किंवा आखूड पल्ल्याची एसएमजी (सबमशीन गन) घ्या. गॅसचा गोळा बोळात पडला की ढग लवकर हटत नाही, आणि मास्क चढवला की बंदूक डोळ्याला लावून नेम धरता येत नाही, कमरेवरूनच मारावं लागतं. नवखे इथेच मरतात: मास्क घालून लांबच्या माणसावर गोळ्या उधळतात. त्यापेक्षा मास्क घाला, कोपऱ्याला चिकटून उभे राहा आणि समोरच्याला तुमच्याकडे येऊ द्या. ग्रेनेड कुठे पडला ते आवाजावरून कळतं, म्हणून हेडफोन हवेतच. खरा किल्ला ७ जून १९१६ ला पडला तो पाणी संपल्यामुळे. गेममध्ये पाण्याचा प्रश्न नाही, बाकी घुसमट तीच.

'फ्रंटलाइन्स' हा मोडही याच पॅकचा. एका वेळी एकाच झेंड्यासाठी मारामारी, मग पुढचा, मग परत मागचा. रस्सीखेच म्हणा. दोन्ही बाजू तुल्यबळ पडल्या तर एक फेरी पाऊण तास सहज खाते, तेव्हा जेवण टाकून बसू नका.

मेडिकसाठी (जखमींना बरं करणारा सैनिक) आरएससी १९१७ ही रायफल याच पॅकमध्ये येते. सहाच गोळ्या, पण जवळ-मध्यम अंतरावर दोन लागल्या की माणूस आडवा. मात्र पॅक घेतला की बंदूक लगेच हातात येत नाही. तिची असाइनमेंट (ठरवून दिलेली कामं) आधी पूर्ण करावी लागते.

सोआसाँवर हरणाऱ्या बाजूला शार २सी हा अजस्र रणगाडा मिळू शकतो. दिसायला झकास, इतिहासाला सोडून. तो युद्ध संपेपर्यंत रणांगणावर उतरलाच नव्हता, सैन्याला मिळाले ते १९२१ मध्ये, एकूण १०.

'इन द नेम ऑफ द झार' दुसऱ्या नंबरावर. सहा नकाशे, नंतरची भर सोडून मोजलं तर सगळ्यात जास्त. गॅलिशियाचं मोकळं रान घोडेस्वारांसाठी, लुपकोव्ह पासचा बर्फ स्नायपरसाठी, ब्रुसिलोव्ह कीपच्या गल्ल्या बाकीच्यांसाठी. झारित्सिन आणि व्होल्गा रिव्हर हे महायुद्धाचे नाहीत, रशियन यादवीचे, लाल विरुद्ध पांढरे. रशियन स्काउट (लांबून मारणारा सैनिक) बाई दिसते ती १९१७ च्या महिला पलटणीवरून. त्यावरून नेटवर तेव्हा बराच आरडाओरडा झाला, पण पलटण खरीच होती, मारिया बोच्कारेव्हाने उभी केलेली.

'टर्निंग टाइड्स' घ्यायचा तर केप हेलेससाठी. बोटीतून किनाऱ्यावर उतरून वर चढत जायचं, २५ एप्रिल १९१५ चं गॅलिपोली. 'अपोकॅलिप्स'मध्ये पॅशनडेल आणि सॉम बरे, कापोरेत्तो ठीक. एअर असॉल्ट हा विमानांचा मोड त्यात आहे, त्यावर डोळा ठेवून एक रुपयाही घालू नका, तिथे माणसं भेटत नाहीत.

सुटे घेऊ नका. एक सुटा पॅक आणि सेलमधली पूर्ण रिव्होल्यूशन यांची किंमत शेजारी ठेवा, उत्तर आपोआप मिळेल.

सिडको_पिंग:

नकाशांचं वर आलंच. मी म्हणेन, पैसे भरायच्या आधी आहे त्याच मूळ गेममध्ये तपासणी करा. मल्टिप्लेअरमध्ये सर्व्हर ब्राउझर उघडा, प्रदेश आशिया ठेवा, यादीत नकाशाचं नाव, खेळाडूंचा आकडा आणि पिंग दिसतो. ६४ पैकी ५० च्या वर माणसं असलेले किती सर्व्हर आहेत आणि त्यांत डीएलसीचे नकाशे किती, हे चार-पाच रात्री बघून कागदावर लिहा. फक्त रविवारी बघू नका, रविवारी सगळंच भरलेलं दिसतं. मंगळवारी रात्री १० वाजता काय आहे तो खरा आकडा. ऑपरेशन्स मोडला (सलग नकाशांवर एका बाजूची चढाई, दुसरीचा बचाव) तर दोन्ही बाजू भरलेल्या लागतात, वीस-पंचवीस माणसांत ते रटाळ होतं.

सिंगापूर-हाँगकाँगच्या बाजूचे सर्व्हर सोसतात. युरोपचे सर्व्हर आपल्याकडे रात्री साडेअकरानंतर भरायला लागतात, कारण तिकडे तेव्हा संध्याकाळ होते, पण पिंग दीडशेच्या आसपास धरा. पिंग मर्यादेबाहेर गेला की नेमाजवळ छोटं चिन्ह येतं. ते दिसलं की पळणाऱ्या माणसावर नेम धरून उपयोग नाही, त्याच्या थोडा पुढे धरावा लागतो. शॉटगन, एसएमजीवाल्याला याचा त्रास कमी, लांबून मारणाऱ्याला जास्त.

१०० एमबीपीएसचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. खेळताना डेटा किरकोळ लागतो, महत्त्वाचं आहे ते पॅकेट गळतं का. राउटरपासून मशीनपर्यंत लॅनची वायर टाका. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर शेजारपाजारच्या बिल्डिंगचे वीस राउटर भांडत असतात, त्यात पिंग ७० वरून ३०० ला उडी मारतो आणि माणूस जागच्या जागी घसरल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात क्षणभर वीज गेली तरी राउटर बंद-चालू होऊन तुम्ही फेरीबाहेर. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, तो लावा. आधी राउटरच्या अॅडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, काही ९ व्होल्टचे असतात.

आता मशीन. १०६० पुरेसं आहे, अडचण आय५-७४०० ची. चार कोअर, चारच थ्रेड. ६४ माणसांच्या नकाशावर सीपीयू १०० टक्क्यांना टेकतो आणि झटके बसतात. लोक ग्राफिक्स खाली आणतात, पण भार सीपीयूवर असल्यामुळे त्याने फारसा फरक पडत नाही. डायरेक्टएक्स १२ बंद करून ११ वर चालवा, ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमधून फ्रेम ६० ला बांधा, ब्राउझर आणि डाउनलोड बंद करा. सरासरी फ्रेम कमी दिसतील, पण झटके जातील.

जागा १०० जीबी मोकळी ठेवा. सगळे पॅक मिळून ८० जीबीच्या आसपास भरतात, तुमच्या नेटवर दोनेक तास. हार्ड डिस्कवर टाकलंत तर नकाशा उघडेपर्यंत बाकीचे पहिला झेंडा घेऊन मोकळे होतात. एसएसडीच हवी.

मेनरोडची_डिस्क:

पीएस४ बद्दल. तुमच्या स्टीमच्या खरेदीचा धाकट्याला शून्य उपयोग, त्याला प्लेस्टेशन स्टोअरवरून वेगळं घ्यावं लागेल. तिथे सापळा असा: डीएलसी आणि डिस्क एकाच रीजनचे हवेत. एम.जी. रोडला काय किंवा ऑनलाइन काय, सेकंडहँडमध्ये दुबई, अमेरिका, युरोप सगळीकडच्या डिस्क फिरत असतात. खोक्याच्या कडेवर आणि डिस्कवर सीयूएसएने सुरू होणारा आकडा असतो. स्टोअरमधल्या गेमचा आकडा त्याच्याशी जुळत नसेल तर पॅक विकत घेतला जाईल, डाउनलोडही होईल, आणि गेममध्ये दिसणार नाही.

दुसरं, सेकंडहँड रिव्होल्यूशनची डिस्क दाखवून कोणी 'सगळं आहे यात' म्हणालं तर हसून पुढे जा. प्रीमियम पास (चारही डीएलसींचा हक्क) कोडवर येतो, कोड एकदाच चालतो, आणि तो पहिल्या मालकाने कधीच वापरलेला असतो. वर मल्टिप्लेअरला पीएस प्लस लागतं, तो खर्च धरलात तर डीएलसी स्वस्त राहत नाही. धाकट्याला मूळ गेमच खेळू द्या.

पंचवटी_मेडिक:

मला घेण्याची घाई पटत नाही. 'मूळ नकाशे तोंडपाठ' म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांनी कॉन्क्वेस्ट (झेंडे काबीज करायचा नेहमीचा मोड) सोडून काही खेळलेलं नसतं. फाओ फोर्ट्रेस ऑपरेशन्समध्ये खेळा, वेगळाच नकाशा वाटतो. आणि आपल्या माणसाने तो खेळायलाच हवा. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओला उतरलेल्या १६ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये ११७ मराठा ही पलटण होती. यासाठी एक पैसाही जास्त भरायला नको.

डीएलसीचं दुसरं दुखणं म्हणजे त्याने खेळाडू विभागले. रोटेशनमध्ये (सर्व्हरवर आळीपाळीने येणाऱ्या नकाशांत) डीएलसीचा नकाशा आला की पॅक नसलेले बाहेर. तो सर्व्हर ओसरतो आणि परत भरेपर्यंत वीस मिनिटं जातात. म्हणून भरलेले सर्व्हर बहुतेक मूळ नकाशांचेच दिसतील. २०१८ मध्ये प्रीमियम पास १८ सप्टेंबरपर्यंत फुकट वाटला होता, तेव्हा ज्यांनी घेतला त्यांच्या जोरावर आज हे नकाशे चालतात.

तोफखाना_देवळाली:

मेडिकराव, विभागणीचं मान्य. पण म्हणूनच पिंगसाहेबांची कागदावरची मोजणी आधी करायला सांगतोय. फाओचं म्हणालात ते शंभर टक्के. गॅलिपोलीतही आपली माणसं होती. २५ एप्रिललाच अँझॅकच्या (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याच्या) किनाऱ्यावर भारतीय माउंटन बॅटऱ्या उतरल्या, तोफा खेचरांवर. टर्निंग टाइड्समध्ये त्यांचा मागमूस नाही, देवळालीच्या तोफखान्यावाल्यांनी रुसायला हरकत नाही.

गंगापूररोडकर:

सगळ्यांचे आभार. धाकट्याचा विषय मिटला. एकच शंका: माझा मूळ गेम ईए अॅपवर, सेल स्टीमवर. नुसता डीएलसी स्टीमवरून घेऊन भागेल?

सिडको_पिंग:

नाही. स्टीमवरचा डीएलसी स्टीमवरच्या मूळ गेमलाच लागतो. पूर्ण रिव्होल्यूशन स्टीमवर घ्या आणि पहिल्यांदा चालू करताना आत्ताचंच ईए खातं जोडा, म्हणजे रँक आणि बंदुका तशाच राहतील. इथे घाई करू नका. चुकून दुसरं किंवा नवं खातं जोडलं गेलं तर ते सोडवून घ्यायला सपोर्टच्या मागे लागावं लागतं.

स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. डाउनलोडचा वेळ त्यात धरत नाहीत, पण मेनूत नुसता उघडा ठेवलेला गेम धरतात. म्हणून दुपारी डाउनलोड करून बंद ठेवा, रात्री ९:३० ला उघडा, थेट सर्व्हर ब्राउझरमध्ये जा आणि फ्रेंच किंवा रशियन नकाशावर भरलेला सर्व्हर शोधा. दोन रात्री पाऊण-पाऊण तास. तेवढ्यात नाही सापडला तर तिसऱ्या दिवशी रिफंड टाका.

आणि लिनक्स किंवा स्टीम डेकवर खेळायचा विचार असेल तर घेऊच नका. २०२४ पासून ईएचं नवं अँटीचीट (फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर) या गेमला लागलं आहे, मल्टिप्लेअर तिथे चालत नाही. विंडोजच हवं.