सीओ अटेनमेंट १.८६ आले, पण विद्यार्थ्यांना नेमके काय येते?

प्रश्न (सहायक प्राध्यापिका, स्थापत्य, सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरातील एका संलग्न महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते. एनबीएच्या (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) तयारीसाठी ‘नळातील हेड लॉस (घर्षणाने दाबात होणारी घट) काढून योग्य व्यास निवडता येणे’ या सीओचे, म्हणजे विषय शिकून विद्यार्थ्याला काय करता यावे या ‘कोर्स आउटकम’चे, अटेनमेंट (ते किती साध्य झाले याची पातळी) काढले. अंतर्गत परीक्षेत ३ पैकी पातळी ३ आली, विद्यापीठाच्या परीक्षेत १. ३०:७० या भारांकाने १.६ झाले. आमचे लक्ष्य १.८ असल्याने ते हुकलेच होते. मात्र सत्राखेरच्या सर्वेक्षणात विद्यार्थ्यांनी स्वतःला सरासरी २.९ दिले आणि प्रत्यक्ष ८०, अप्रत्यक्ष २० टक्के धरल्यावर अंतिम आकडा १.८६ निघून फाईलवर ‘लक्ष्य साध्य’ असा शेरा पडला. त्याच आठवड्यात तोंडी परीक्षेत मी विचारले, की प्रवाह तेवढाच ठेवून नळाचा व्यास निम्मा केला तर हेड लॉस किती पट होईल? बहुतेकांनी ‘दुप्पट’ असे सांगितले. माझी आकडेमोड चुकते आहे का?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक)

मॅडम, आकडेमोड बरोबर आहे. तिच्यात घातलेले आकडे तपासायला हवेत. विद्यापीठाकडून बहुधा एकूण गुणच हाती येतात, प्रश्ननिहाय नाही. त्यामुळे तो ‘१’ विषयातील सर्वच सीओंना सारखा लावला जातो आणि हेड लॉसबद्दल तो वेगळे काहीच सांगत नाही. अंतर्गत परीक्षेतील ‘३’ची कथा निराळी आहे. लांबी, व्यास, वेग आणि घर्षणांक देऊन हेड लॉस काढण्याच्या डार्सी-वाइसबाखच्या सूत्रात भरायला लावणारे उदाहरण वर्गात चार वेळा सोडवलेले असेल, तर प्रश्नपत्रिकेत त्यापुढे ब्लूमच्या वर्गीकरणातली (स्मरण, आकलन, उपयोजन अशा चढत्या पायऱ्यांतली) ‘उपयोजन’ पातळी लिहिली तरी ती स्मरणाचीच परीक्षा होते. पातळी क्रियापदावरून ठरत नाही. विद्यार्थ्याने तसा प्रश्न पूर्वी पाहिला आहे की नाही, यावर ठरते.

खरे मोजमाप तुमच्या तोंडी परीक्षेत झाले. सूत्रात व्यास छेदात दिसतो, म्हणून मुले दुप्पट म्हणतात. पण प्रवाह तेवढाच असताना व्यास निम्मा झाला की वेग चौपट होतो, वेगाचा वर्ग सोळापट होतो, आणि घर्षणांक तोच धरला तर हेड लॉस बत्तीसपट. हे चुकीचे उत्तर कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक सांगून जाते, कारण गाडी नेमकी कुठे अडली ते त्यातून कळते.

सर्वेक्षणातील २.९ तर मी बाजूलाच ठेवीन. ज्याला बत्तीसपट माहीत नाही, त्याला आपल्याला ते माहीत नाही हेही ठाऊक नसते.

उत्तर २ (विभागप्रमुख, यंत्र अभियांत्रिकी)

सरांचे म्हणणे पटते, पण एनबीएच्या समितीसमोर आम्हाला बसावे लागते आणि ‘लक्ष्य हुकले’ हा शेरा पाहिला की व्यवस्थापनाच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यातून लक्ष्यच खाली आणण्याचा मोह होतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक)

ती भीती समजते, तरी अस्थानी आहे. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा) कायम सदस्य झाल्यापासून भर आहे तो काय शिकवले यावर नव्हे, तर विद्यार्थ्याला काय करता येते यावर. एसएआरमध्ये (एनबीएला द्यायच्या स्वमूल्यमापन अहवालात) सातत्यपूर्ण सुधारणेचा स्वतंत्र निकष आहे; त्यात कुठे कमी पडलो आणि त्यावर काय केले, हेच लिहायचे असते. सगळीकडे ३ असलेल्या महाविद्यालयाला तिथे लिहायला काय उरते?

उत्तर ३ (माजी विद्यार्थी, पाणीपुरवठ्याच्या कामावर)

मला फ्लुइडमध्ये चांगले गुण होते, तरी जुन्या नळात आतून गंजाचा थर चढल्याने शेवटच्या घरांना पाणी का चढत नाही, हे साइटवर एका फिटरकाकांनी समजावले. सूत्र तेच होते. वर्गात ते कधी उलटे वाचले नव्हते.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे आभार. प्रत्यक्ष १.६ आणि सर्वेक्षणाचे २.९ हे दोन्ही आकडे मी अहवालात वेगवेगळे दाखवणार आहे, आणि शेऱ्यात ‘लक्ष्य हुकले’ असेच लिहीन. पुढच्या चाचणीत गंजलेल्या नळाचा प्रश्न एकही आकडा न देता घालते. त्या प्रश्नाचे गुण तरी प्रश्ननिहाय माझ्याच हातात असतील.