अनुभव धागा : देव मानत नाही, पण भजन सुटत नाही

बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे आणखी कोणी असे आहेत का? असाल तर लिहा. सुरुवात मी करतो.

खानापूर तालुका
वडील माळकरी. माझा देव कॉलेजातच सुटला, पण एकादशीच्या भजनाला पखवाज अजून मीच वाजवतो. आमच्याकडच्या पावसात कातडं सैल होऊन सूर उतरतो. मग हातोडीनं वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकत सूर चढवायचा आणि डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला, कणीक थापायची. कणीक वाळली की नुसतं टणटण, जास्त ओली झाली की आवाज बसतो. तासभर या भानगडीत गेला की ‘कोणासाठी वाजवतोय’ हे विचारायला डोकं शिल्लक राहत नाही. एकदा बुवांनीच विषय काढला, "तुझा विश्वास न्हाई म्हणं?" मी गप्प. तेच पुढं म्हणाले, "ताल चुकूलाय काय? न्हाई न्हवं? मग बस की."

टिळकवाडी, बेळगाव
योगवर्गात सांगितलं, ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराला शरण जाणं, हवंच. घरी येऊन पतंजलींची योगसूत्रं उघडली. पहिल्या पादात (प्रकरणात) 23वं सूत्र : ‘ईश्वरप्रणिधानाद्वा’. त्यातला ‘वा’, म्हणजे ‘किंवा’, बघून मला कोण आनंद! 39व्यात तर जे आवडेल त्याचं ध्यान करायची मुभा आहे. शिवाय त्यांचा ईश्वर म्हणजे क्लेश-कर्मांचा स्पर्श नसलेला ‘पुरुषविशेष’, म्हणजे एक वेगळा आत्मा, नवसाला पावणारा नव्हे. पण दुसऱ्या पादात पाच नियमांच्या यादीत तो पुन्हा येतो, तिथं ‘वा’ नाही. माझं गाडं तिथंच अडलंय. तूर्त मी कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाशी पाहिलेलं पाणी डोळ्यांपुढं आणते.

निपाणी
मी सोडलं. मनात काही नसताना टाळ धरणं म्हणजे शेजारी बसलेल्या आईला फसवणं वाटायला लागलं.

बेळगाव, किल्ल्याजवळ
1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात होते. तेव्हा इथले वनाधिकारी हरिपद मित्र त्यांच्याकडे शंका घेऊनच गेले आणि पुढं शिष्य झाले. मीही आश्रमात आरतीला जाऊन बसतो, चांगली बारा वर्षं झाली. शंका आहे तिथंच आहे. आरती मात्र तोंडपाठ झालीय.

खानापूर, पुन्हा मीच
निपाणीकर, तुमचं वाचून थोडा वेळ थांबलो. मी आईला सगळं सांगून टाकलंय. ती म्हणाली, "देव न्हाई तर न्हाई. कणीक तेवढी बेतानं घे, पोळ्यांना पुरंना झालीय."