मिडरँडच्या संसदेला अधिकार मिळाले तर सीमेवरचे ट्रक सुटतील का?

लुसाकाकर: मी झांबियात ठिबकचं सामान विकतो. गेल्या महिन्यात काँगोतल्या लुबुम्बाशीला निघालेला आमचा ट्रक सीमेवरच्या कासुम्बालेसाच्या नाक्यावर चार दिवस अडकला. ड्रायव्हर गाडीच्या सावलीत कोळशाच्या शेगडीवर न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजवत होता. आफ्रिकेचा मुक्त व्यापार १ जानेवारी २०२१ पासून सुरू आहे ना? मग दक्षिण आफ्रिकेतल्या मिडरँडला बसणारी आफ्रिकी संघाची संसद करते काय?

मिडरँडची ताई: दादा, ही संसद मार्च २००४ मध्ये सुरू झाली. प्रत्येक सदस्य देशाचे ५ खासदार, त्यात किमान एक स्त्री. पण त्यांना देशोदेशीच्या संसदा पाठवतात, लोक थेट निवडत नाहीत. त्यांचा ठराव म्हणजे नुसता सल्ला. या संसदेचे अधिकार वाढवणाऱ्या २०१४ च्या मलाबो कराराने तिला आदर्श कायदे (देशांनी नमुना म्हणून घ्यायचे कायदे) सुचवायचा अधिकार देऊ केलाय, पण त्याला २८ देशांची मंजुरी लागते आणि तिथेच घोडं पेंड खातंय. मला याचं फार वाईट वाटतं. मुक्त व्यापार कराराचं सचिवालय घानात अक्राला आहे, पण तुमच्या ड्रायव्हरच्या वतीने सरकारांना जाब विचारणारं खंडपातळीवर कोणी नको का?

हरारेवाला: ताईंचं पटतं, पण थांबून कशाला राहायचं? चिरुंडूला २००९ पासून झांबिया-झिम्बाब्वेची तपासणी एकाच ठिकाणी होते. दोन देशांनी मनावर घेतलं, झालं.

लुसाकाकर: चिरुंडूवरून माल आणलाय मी, फरक जाणवतो. पण असे नाके किती? दोन-दोन देश करत बसले तर ५५ देशांचं कधी व्हायचं? ताई, झांबियाने मलाबोवर सही केली का, इथल्या खासदाराला विचारतोच.