मदत हवी आहे: वाइल्डफ्लायच्या कन्सोलमध्ये थ्रेड आणि कनेक्शन पूल एकाच पानावर कसे दाखवायचे?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये काटापावतीचं सॉफ्टवेअर वाइल्डफ्लाय २६ (जावा अ‍ॅप चालवणारा सर्व्हर), जावा ११ वर चालतं. मशीनला ४ जीबी रॅम. कापसाच्या गाड्यांची रांग लागली की दुपारी सर्व्हर अडकते, वजन स्क्रीनवर दिसते पण पावती निघत नाही. रीस्टार्ट केलं की तासभर ठीक.

जेबॉस सीएलआयवरून (वाइल्डफ्लायची कमांड लाइन) डंप-ऑल-थ्रेड्स, म्हणजे कोणता थ्रेड (एकावेळी चालणारं एक काम) कुठं थांबलाय त्याची यादी, काढला, तर बरेच थ्रेड डेटासोर्सच्या, म्हणजे डेटाबेसच्या, कनेक्शनसाठी थांबलेले. स्टॅटिस्टिक्स चालू केल्यावर इन-यूज-काउंट (वापरात असलेली कनेक्शनं) थेट २०, म्हणजे पूलमधली, तयार ठेवलेल्या साठ्यातली, सगळी कनेक्शनं वापरात. कनेक्शन कुठंतरी बंद होत नाही, हे कळलं; कोणत्या पावतीवर, ते नाही. जे-कन्सोल (जावाची देखरेखीची खिडकी) दुरून जोडून पाहिलं, पण गावच्या नेटवर टिकत नाही. काट्यावरच्या भाऊंना कमांड देता येत नाही, ब्राउझर मात्र रोजचाच. अडकलं त्या क्षणीच त्यांनी एक पान उघडून फोटो पाठवावा, एवढंच पाहिजे.

वाइल्डफ्लायचा ब्राउझरमधला कन्सोल म्हणजे हॅल, जीडब्ल्यूटीत (जावातून वेबपान बनवणारं साधन) लिहिलेला. त्यात नवा व्ह्यू घालायचा तर सोर्समधून बिल्ड करावा लागेल, आणि इथं मेव्हनचं (बिल्डचं साधन) डाउनलोड अर्ध्यातच तुटते. दुसरा मार्ग साधं एचटीएमएल पान, जे ९९९० पोर्टच्या मॅनेजमेंट एपीआयला (सर्व्हरची माहिती देणारा दुवा) विचारेल. त्यासाठी अलाउड-ओरिजिन्स (दुसऱ्या ठिकाणच्या पानाला परवानगी) लावलं, पण डायजेस्ट लॉगिनवर (पासवर्ड थेट न पाठवता ओळख पटवणं) गाडी अडते.

पासवर्ड पानात न लिहिता, फक्त मॉनिटर रोलवर (नुसतं पाहण्याचा अधिकार) हे जमेल का? आणि चालू काट्यावर दर १० सेकंदांनी थ्रेड डंप घेतला तर पावती आणखी मंदावेल का?