अबोली तेवढी रंगीत, बाकी सगळं कृष्णधवल: करावं का?

काजूबाग (फोंडा)
मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. यंदाच्या हंगामात ही मागणी पुन्हा आली. नवरीच्या भावाचं म्हणणं, केसांतली अबोली तेवढी रंगीत ठेवा, बाकी व्हिडिओ काळापांढरा करा. मी नको म्हटलं.

कारण साधं आहे. अबोली आणि आपली कातडी रंगचक्रावर शेजारी-शेजारी राहतात. माणूस गोरा असो की सावळा, वेक्टरस्कोपवर (चित्रातले रंग दाखवणाऱ्या आलेखावर) त्वचा लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एकाच रेषेच्या आसपास पडते आणि अबोलीही तिथलीच. क्वालिफायरने (रंगावरून चित्राचा भाग निवडणाऱ्या साधनाने) फूल टिपायला जावं तर मान, कानाची पाळी, गळ्यातलं सोनं सगळं बरोबर येतं. रेंज आवळली की पाकळ्या कुरतडल्या जातात. मांडवात पिवळे दिवे असले तर विचारूच नका. नवरीच्या मानेवर नारिंगी डाग वळवळताना मी पाहिलेत. जन्मभर जपायच्या व्हिडिओत ते राहून जातात.

आणि हिरवा चुडा, हळद, शेला हे सगळं पुसायचं कशासाठी?

मांडवीपार
पटलं नाही. तुम्ही सांगताय तो दोष एकट्या क्वालिफायरवर विसंबण्याचा आहे, त्या कल्पनेचा नाही. अंबाड्याभोवती विंडो (निवडीची चौकट) काढा, कडेला फेदर द्या म्हणजे कड मऊ करा, ट्रॅक करा म्हणजे चौकट अंबाड्याबरोबर सरकेल, आणि क्वालिफायरला त्या विंडोच्या आतच शोधू द्या. तिथे फुलामागे काळेभोर केस असतात, मान बाहेर राहते. ह्यूवर (रंगाच्या जातीवर) भिस्त ठेवू नका. फुलाचा रंग त्वचेपेक्षा बराच दाट असतो, म्हणून सॅच्युरेशनची (रंगाच्या दाटपणाची) खालची मर्यादा वर सरकवा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही हे सगळं आहे. मग बाहेरच्या भागाचं सॅच्युरेशन शून्य करा, झालं.

एक चूक मात्र बरेच जण करतात: आधी चित्र कृष्णधवल करतात आणि त्यानंतरच्या नोडमध्ये (प्रक्रियेच्या पुढच्या टप्प्यात) रंग शोधत बसतात. निवड नेहमी मूळ रंगीत चित्रावरून घ्यावी.

काजूबाग (फोंडा)
अंबाडा स्थिर असेल तर ठीक. नवरी मान वळवते, करवली मधे येते, अक्षता पडतात. ४० सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला २५ च्या हिशेबाने १००० फ्रेम. ट्रॅकर सुटला की हाताने एकेक कीफ्रेम, म्हणजे चौकटीची जागा फ्रेमवर नेमून देणं. त्या रात्रींचे पैसे कोण देतं?

रानवाट
दोघांनीही मूळ फुटेजचं नाव काढलं नाही. लग्नाचं बरंचसं शूटिंग ८ बिट (छटांच्या पायऱ्या कमी), ४:२:० मध्ये होतं. म्हणजे चार पिक्सेलना उजेडाच्या चार नोंदी, पण रंगाची एकच. १९२०×१०८० च्या चित्रात रंग असतो फक्त ९६०×५४० चा. अबोलीची पाकळी ती केवढी! म्हणून कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, आणि मॅट (निवडलेल्या भागाचा साचा, म्हणजेच मास्क) कितीही ब्लर केला तरी नसलेला रंग येत नाही. शक्य असेल तर १० बिट ४:२:२ मध्ये (छटा जास्त, रंगाच्या नोंदी दुप्पट) घ्या. नाहीतर निदान ४के मध्ये घेऊन १०८० मध्ये बाहेर काढा, म्हणजे रंगाच्या नोंदी पुरेशा मिळतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, शॉटच्या मधेच ह्यू सरकतो आणि निवड कोसळते. थोडक्यात, हे कॅमेरा उचलण्याआधी ठरवायचं काम आहे. लग्न झाल्यावर मागणी आली तर नाहीच म्हणावं.

गुलालवाट (डिचोली)
मी काजूबाग यांच्या बाजूचा, पण माझं कारण वेगळं. शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) मिरवणुकीत मी एकदा गुलाल तेवढा ठेवून बाकी रंग काढले होते. मास्क स्वच्छ होता, लोकांनी वाहवाही केली. मग रोमटामेळातल्या (ढोल-झेंडे घेऊन नाचत जाणाऱ्या मेळातल्या) एका म्हाताऱ्या ढोलवाल्याने पाहिलं आणि विचारलं, ‘‘आमचे झेंडे कुठे गेले?’’ झेंडे पडद्यावर होते, पण करडे. त्याला ते दिसलेच नाहीत. गावाने महिनाभर खपून उभं केलेलं मी एका स्लायडरने घालवलं होतं. त्यानंतर मी हे केलेलं नाही.

परसदार
मी एडिटर नाही. गेल्या वर्षी माझं लग्न झालं आणि मीही हेच मागितलं होतं, म्हणून लिहिते. माझ्या आजीने परसातली अबोली सांजेपासून वेचून रात्री वळेसर (गजरा) केला. बोटांना दोऱ्याचे वळ उठले होते. अबोलीला वास नसतो. तिचं जे काय आहे ते रंगातच. मला आजीचं ते रात्रीचं काम एकदा तरी वेगळं काढून दाखवायचं होतं. आमच्या व्हिडिओवाल्या भावाने नाही म्हटलं आणि विषय संपला. सगळ्या रंगांत तो वळेसर आता शोधावा लागतो. तुम्ही ‘पुसणं’ म्हणता, पण मी दाखवायला सांगत होते.

काजूबाग (फोंडा)
परसदार ताई, तुमचं वाचून काल परत बसलो. नवरी पाटावर पाठमोरी बसलेली, सहा सेकंदांचा शॉट, जवळजवळ हालचाल नाही. विंडो आणि क्वालिफायर दोन्ही लावले. बाकीचा रंग शून्यावर न नेता थोडा राहू दिला, त्यामुळे उरलेसुरले डागही विरले आणि वळेसर उठून आला. नवरीच्या भावाला पाठवला. पूर्ण व्हिडिओला मात्र अजूनही नाहीच.

मांडवीपार
थोडा रंग ठेवलात म्हणजे मास्कची चूक झाकलीत. सहाच सेकंद आहेत, तर शून्यावर न्या आणि कडा हाताने नीट करा. आजीने एकेक फूल ओवलंय.

रानवाट
हे मान्य नाही. काळ्या केसांवर तो अर्धा उरलेला रंगच डोळ्याला खरा वाटतो. काजूबाग, शून्याला नेऊ नका.