रुग्णसुरक्षेसाठी नियोक्त्यांचा दबाव कितपत चालतो?

प्रश्न: अमेरिकेत कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा मोठा भार कंपन्या उचलतात. या खरेदीशक्तीच्या जोरावर त्यांनी रुग्णालयांना सुरक्षिततेचे नियम पाळायला लावले, असे म्हणतात. हे प्रत्यक्षात कसे घडले?

उत्तर १: इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या आरोग्यविषयक सल्लागार संस्थेच्या १९९९ च्या अहवालाने वैद्यकीय चुकांमुळे तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला आणि २००० साली मोठ्या नियोक्त्यांच्या पुढाकाराने रुग्णालयांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा लीपफ्रॉग ग्रुप उभा राहिला. त्यांच्या पहिल्या मागण्या तीन होत्या. डॉक्टरांनी औषधांचे आदेश थेट संगणकावर द्यावेत, म्हणजे चुकीची मात्रा किंवा ॲलर्जी वेळीच लक्षात येईल. अतिदक्षता विभाग त्याच शाखेच्या प्रशिक्षित तज्ज्ञांच्या हाती असावा. आणि अवघड शस्त्रक्रिया त्यांचा भरपूर अनुभव असलेल्या रुग्णालयांतच व्हाव्यात. पहिली मागणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण वाचता न येणाऱ्या चिठ्ठीची किंमत रुग्णाने का मोजावी?

उत्तर २: मात्र रुग्णालये या मागण्या पाळतात का, हे विचारणारे लीपफ्रॉगचे सर्वेक्षण ऐच्छिक आहे, आणि गावात एकच रुग्णालय असेल तर कंपनी रुग्णांना दुसरीकडे पाठवणार तरी कुठे? म्हणूनच २०१२ पासून रुग्णालयांच्या सुरक्षिततेच्या ‘ए’ ते ‘एफ’ अशा श्रेणी जाहीर होऊ लागल्या, हे पाऊल मला अधिक परिणामकारक वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आपल्याकडेही कंपन्या समूह विमा घेतात. रुग्णालयांची यादी ठरवताना त्यांनी दरांबरोबर संसर्गाची आकडेवारीही मागायला हवी.