Re: Re: Fwd: मे महिन्याची सहल – बस नक्की कुठे? (शुक्रवारपर्यंत अनामत भरायची आहे!)

सुनीता (सहल समिती) –

नमस्कार मंडळी,

बसवाल्याचा आज पुन्हा फोन आला. शुक्रवारी दुपारपर्यंत अनामत नाही भरली तर ४९ सीटची बस जाईल आणि मग आपल्याला दोन मिनीबस घ्याव्या लागतील. मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, त्यामुळे कृपया.

भाषा दिनाच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे पत्रकात आपण 'मोल्सवर्थच्या गावाला भेट' असं छापलंय (मोल्सवर्थ म्हणजे मराठी-इंग्रजी शब्दकोश करणारे). केंब्रिजशरमधलं मोल्सवर्थ, ए१४ च्या जवळ. मला एवढंच हवंय: तिथे बस उभी करायला जागा आहे का, टॉयलेट आहे का, आणि दीड-दोन तास बघण्यासारखं काय आहे? कोणी जाऊन आलंय का?

पैसे न दिलेल्यांची यादी वेगळी पाठवते आहे.

विद्याधर –

सुनीताताई, पत्रक बघितलं. पैसे भरण्याआधी हे वाचा, लांबलंय त्याला इलाज नाही.

गाव छान आहे, जुनं आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडच्या जुन्या जमीन-नोंदवहीत) त्याची नोंद आहे, हंटिंग्डनशरमध्ये. तो परगणा केंब्रिजशरमध्ये विलीन झाला १९७४ ला. सेंट पीटरचं चर्च आहे. पण त्या गावात मोल्सवर्थ शोधायला जाणं म्हणजे चिपळूणमध्ये जाऊन चिपळूणकर शोधणं. आपल्याकडेही गावात राहणाऱ्याला कोणी गावाच्या नावाने हाक मारत नाही. तो गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक म्हणतात, हा अमुकचा. इंग्लंडमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकात आडनावं पक्की होत गेली तेव्हा अगदी हेच झालं. म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव हा गाव सोडल्याचा दाखला असतो. गावात ते सापडावं अशी अपेक्षाच चुकीची आहे.

ही माणसं गेली कुठे, तर मोठ्या दोन शाखा आहेत आणि दोन्ही मूळच्या शेजारच्या नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या. एक थेट कॉर्नवॉलला. एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ डची ऑफ कॉर्नवॉलचा हिशेबतपासनीस होऊन तिकडे गेला आणि पेनकॅरोला स्थिरावला. त्याच घरातला हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा कारभार बघत होता, १६८९ ला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. दुसरी शाखा आयर्लंडला. तिथला रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत होता. परत येऊन १६९४ मध्ये त्याने डेन्मार्कवर जे पुस्तक लिहिलं त्यात राजाच्या निरंकुश सत्तेवर असे कोरडे ओढले की डॅनिश दरबाराने तक्रार केली. १७१६ ला तो व्हायकाउंट झाला. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ मध्ये रामिलीच्या लढाईत होता. सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला तेव्हा याने आपला घोडा त्याला दिला आणि त्याला वाचवलं.

तेव्हा बघायचंच असेल तर पेनकॅरोला चला. वाडा उन्हाळ्यात लोकांना खुला असतो, बाग मोठी आहे. मंकी पझल या झाडाचं नाव तिथेच पडलं असं सांगतात: पाहुण्याने टोकदार पानांना हात लावला, ती बोचली, आणि तो म्हणाला, यावर चढायचं म्हटलं तर माकडालाही कोडं पडेल. शेजारच्या वेडब्रिजमध्ये मुख्य रस्त्याचं नावच मोल्सवर्थ स्ट्रीट आहे.

अविनाशकाका –

मोल्सवर्थ गावाबद्दल. बस उभी करायची जागा विचारलीत म्हणून सांगतो, गावाला लागूनच जुना विमानतळ आहे पण तो लष्करी तळ आहे, तिकडे वळू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांचं ३०३ वं बॉम्ब ग्रुप तिथून उडायचं. नंतर ग्रीनहॅम कॉमनच्या तळाच्या जोडीला क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी हाच तळ निवडला. शांततावाद्यांनी तळावर तंबू ठोकले, शेतात गहू पेरला. फेब्रुवारी १९८५ मध्ये रात्रीतून सैन्य आणि पोलीस आले, सकाळपर्यंत कुंपण उभं. संरक्षणमंत्री हेझेलटाइन लष्करी जॅकेट घालून आले होते, तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत. मी तेव्हा पीटरबरोला नोकरीला होतो. आमच्या ऑफिसमधली एक मुलगी दर शनिवारी त्यांच्यासाठी सूप घेऊन जायची. थंडी काय होती त्या वर्षी!

हे सगळं आपल्या मुलांना माहीत असायला हवं. गाव रद्द करू नका.

माधुरी –

विद्याधर, माहिती उत्तम, पण कॉर्नवॉल? एका दिवसात? जायला पाच तास, यायला पाच तास, बसमध्ये सहा आज्या आणि अकरा मुलं. मागे स्टोनहेंजला निघालो तेव्हाच निंबाळकर आजींचे गुडघे धरले होते. माझं मत नाही म्हणजे नाही.

आणि एक विचारायचं होतं. सारखं मोल्सवर्थ मोल्सवर्थ करतो आपण, कँडींचं काय? थॉमस आणि जॉर्ज कँडी, जुळे भाऊ, दोघंही कोशावर खपले. थॉमस कँडी पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुख होते, १८७७ ला महाबळेश्वरला वारले. मराठीत आपण आज स्वल्पविराम आणि पूर्णविराम देतो त्याची व्यवस्था त्यांनी लावली. पत्रकात त्यांचं नाव एका ओळीतही नाही.

सुनीता –

माधुरी, पत्रकाचा मजकूर स्मरणिका समितीने दिला होता, सहल समितीने नाही. कृपया नोंद घ्यावी.

अविनाशकाका, टॉयलेट आहे का हे कळलं नाही.

निखिल –

नमस्कार, मी नवीन आहे या लिस्टवर. आडनावांचे नकाशे नेटवर मिळतात, १८८१ च्या शिरगणतीवरून केलेले. आडनाव टाकलं की कुठल्या काउंटीत किती दाट ते रंगात दिसतं. आपण नकाशावर सगळ्यात गडद दिसेल ती काउंटी घेऊन तिकडेच का जात नाही? वाद मिटेल.

विद्याधर –

निखिल, स्वागत. नकाशे चांगलेच असतात, मी स्वतः वापरतो, पण दुर्मीळ आडनावाच्या बाबतीत ते जपून वाचावे लागतात.

पहिलं म्हणजे ते नकाशे ग्रेट ब्रिटनचे. आयर्लंड त्यात नाही, आणि मोल्सवर्थांची अर्धी कहाणी आयर्लंडमधली. तिकडची कागदपत्रंही गेलेली आहेत. १८६१ ते १८९१ च्या आयरिश शिरगणत्या सरकारनेच नष्ट केल्या, त्याआधीच्या बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या दफ्तरखान्याच्या आगीत जळाल्या. म्हणजे नकाशावर जिथे काहीच दिसत नाही तिथे माणसं नव्हती असं म्हणता येत नाही.

दुसरं, चेशरमध्ये चेस्टरजवळ मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे. त्यावरूनही आडनाव पडू शकतं आणि गणती लिहिणारा कानाला जे ऐकू येईल ते लिहायचा. एक 'ड' खाल्ला की चेशरचा माणूस हंटिंग्डनशरचा झाला.

तिसरं, आडनाव दुर्मीळ असलं की एका घरातली आठ मुलंसुद्धा काउंटीचा रंग बदलतात. रॉचडेलचंच घ्या. जॉन एडवर्ड नासाऊ मोल्सवर्थ १८३९ पासून तिथे व्हिकर होते, मुलगा विल्यम तिथल्याच स्पॉटलंडचा व्हिकर. पाद्री जिथे नेमणूक होईल तिथे जातो. त्यावरून लँकेशर हे आडनावाचं घर ठरत नाही.

मी काय करतो सांगतो. नकाशा बघायचा, मग चर्चच्या नोंदवह्या (त्या १५३८ पासून सुरू होतात), मग १८३७ नंतरच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदी. तिन्ही जुळल्या तरच बोलायचं.

प्रभाकरकाका –

रॉचडेलवरून आठवलं. माझे आजोबा जीआयपी रेल्वेत होते, भुसावळला. त्यांच्याकडे 'मोल्सवर्थ' होतं! कोटाच्या खिशात मावेल एवढं, काळं चामडी पुठ्ठ्याचं, कडा झिजून गोल झालेल्या. पुलाचे गर्डर, पाण्याचा दाब, रुळांची वळणं, सगळ्यांची सूत्रं त्यात. घरात कोणी विचारलं की हे मोल्सवर्थ कोण, तर आजोबा म्हणायचे, ज्यांनी मराठीचा कोश केला तेच. काय माणूस असेल! भाषाही आणि पूलही.

विद्याधर –

प्रभाकरकाका, पुस्तक खरंच सांभाळून ठेवा. पण ते मोल्सवर्थ निराळे. तुमच्या आजोबांच्या खिशातले ते गिल्फर्ड मोल्सवर्थ, वर सांगितलेल्या रॉचडेलच्या व्हिकरांचे चिरंजीव. आधी सिलोनच्या रेल्वेवर, मग १८७१ पासून हिंदुस्थान सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंता. आणि कोशकार जेम्स थॉमस मोल्सवर्थ वारले तेही १८७१ मध्येच. एक गेला आणि त्याच वर्षी त्याच दुर्मीळ आडनावाचा दुसरा मोठ्या हुद्द्यावर आला, मग हिंदुस्थानात लोकांनी दोघांना एकच समजलं तर नवल नाही.

प्रभाकरकाका –

असं का. तरी आजोबा फार वाचणारे होते.

गौरी (वेलिंग्टन) –

मी न्यूझीलंडला आले तरी लिस्ट सोडलेली नाही, तुमचं सगळं वाचते! इथे आमची संसद ज्या रस्त्याला लागून आहे तो मोल्सवर्थ स्ट्रीट. राष्ट्रीय ग्रंथालयही त्याच रस्त्यावर. मी रोज तिथून जाते आणि दर वेळी मला आपलाच कोश आठवतो. हा पेनकॅरोच्या सर विल्यम मोल्सवर्थांच्या नावाने आहे, ते वसाहती स्थापणाऱ्या न्यूझीलंड कंपनीत होते. १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाले आणि तीनेक महिन्यांत वारले. दक्षिण बेटावर मोल्सवर्थ नावाचं गुराढोरांचं कुरण आहे, एक लाख ऐंशी हजार हेक्टर, देशातलं सगळ्यात मोठं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि टास्मानियातही या नावाची गावं आहेत. माणसं थोडी आणि नाव केवढं पसरलंय बघा.

डब्लिनला शिकत असताना तिथेही मोल्सवर्थ स्ट्रीटवर राहणारी मैत्रीण होती. तो रस्ता लेन्स्टर हाउससमोर संपतो, म्हणजे तिकडच्या संसदेसमोर!

माधुरी –

गौरी!! किती दिवसांनी. बाळ कसं आहे? वेगळं लिही.

श्रीकांत (स्मरणिका समिती) –

सुनीताताईंनी स्मरणिका समितीचं नाव घेतलं म्हणून लिहितो. मजकूर आम्ही दिला पण मथळा आम्ही दिलेला नव्हता. आम्ही लिहिलं होतं 'कोशकारांच्या वाटेवर'. 'गावाला भेट' नंतर आलं.

आणि मला वाटतं वादाचं मूळ इथेच आहे. आपल्याला आडनाव बघायचंय का माणूस? विद्याधर म्हणतात ते पटतं, पण पेनकॅरो हे सर विल्यम यांचं घर, जेम्स थॉमस यांचं नाही. समान आडनाव आहे म्हणून पाटी लावून फोटो काढला तर उद्या स्मरणिकेत छापलं जाईल की कोशकार पेनकॅरोचे. प्रभाकरकाकांच्या आजोबांसारखंच होईल ते.

माझ्याकडे शुभदा-सारस्वतने १९७५ मध्ये काढलेलं १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे. सुमारे साठ हजार शब्द. कुठलंही पान उघडा, नामापुढे त्याचं लिंग, मग कुठल्या भाषेतून आलं, आणि मग एक छोटा 'व्ही', म्हणजे या नामाबरोबर मराठी माणूस कोणतं क्रियापद वापरतो: घाल, लाव, धर, कर. सोलापूरला १८१८ च्या सुमारास एक तरुण लष्करी अधिकारी लोक कसे बोलतात हे ऐकत बसला तेव्हा ही नोंद झाली. माझ्या मुलीला मराठी येतं पण क्रियापद चुकतं, ती 'शपथ करते' म्हणते. मी तिला अजूनही हाच कोश उघडून दाखवतो. मला या माणसासाठी जायचंय. त्याचं आडनाव कुठल्या काउंटीत दाट होतं यासाठी नाही.

ते वारले क्लिफ्टनला, ब्रिस्टलमध्ये. ब्रिस्टल आपल्याला परवडतं.

विद्याधर –

श्रीकांत, मान्य. पण आडनावाचा शोध सोडून देऊ नका असं मी म्हणेन, कारण शाखा ठरवायची तर तोच रस्ता आहे. आणि रस्ता लांबचा नाही. ईस्ट इंडिया कंपनीत कॅडेट म्हणून भरती होणाऱ्या मुलाला बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागायचा. ते अर्ज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत, सेंट पॅनक्रसला. वाचक पास विनामूल्य निघतो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. जेम्स थॉमस १८१२ च्या सुमारास कंपनीत आले. माझा पास चालू आहे, कोणाला यायचं असेल तर कळवा. दाखल्यावर बापाचं नाव आणि चर्चचं गाव दोन्ही असतात. तोवर स्मरणिकेत वंशाबद्दल एकही ओळ छापू नये ही विनंती.

निखिल –

सर, मी येतो. शनिवारी चालेल का?

अविनाशकाका –

म्हणजे विमानतळ रद्द?

सुनीता –

मंडळी, उद्या शुक्रवार आहे. सहल समितीच्या तिघींशी बोलले. बस ब्रिस्टलसाठी सांगते आहे. सकाळी क्लिफ्टन, दुपारी झुलता पूल आणि डाउन्सच्या मैदानावर जेवण, तिथे बस उभी करता येते आणि टॉयलेट आहे, मी विचारलं. पत्रक श्रीकांतच्या मथळ्याने पुन्हा निघेल, त्यात कँडी बंधूंचा वेगळा परिच्छेद, तो माधुरीने रविवारपर्यंत लिहून द्यावा. बसमध्ये श्रीकांत कोशाबद्दल बोलतील आणि विद्याधर आडनावाबद्दल, प्रत्येकी वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. प्रभाकरकाका, आजोबांचं पुस्तक आणाल का? मुलांना हातात घेऊन बघू दे.

अविनाशकाका, मोल्सवर्थ गाव आपल्याला जवळ आहे, गाड्या काढून एका रविवारी जाऊ. तुम्ही तारीख सुचवा.

पुरी-भाजी की ठेपले हे अजून ठरायचंय. त्यासाठी नवा धागा काढते, इथे उत्तर देऊ नका.